अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल : रचना व फेरबदल

काडतुसाच्या पोकळ कडेत विस्फोटक बसवलेले असते, आघातपिन त्या कडेवर आदळून दारू पेटवते आणि चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप कोठीत (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) येते, अशी हलकी रायफल. ‘.२२ लाँग रायफल’ नावाच्या काडतुसाची स्वस्त मॉडेल्स छंदी नेमबाजीसाठी वापरतात. त्यांचे भाग बदलून घेण्याचा प्रघात प्रामुख्याने अमेरिकेत रुजला.

रिमफायर, म्हणजे कडेत विस्फोटक असलेल्या, काडतुसाचा उगम सर्वसाधारणपणे फ्रेंच बंदूककार फ्लोबेर यांच्याकडे नेला जातो (सु. १८४५). त्यांच्या काडतुसात दारू नव्हतीच. घरात नेम धरण्याच्या बंदुकीतली गोळी केवळ विस्फोटकाच्या जोरावर सुटे. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन यांनी आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी दारू भरलेले .२२ शॉर्ट काढले. .२२ लाँग रायफलचा काळ बहुधा १८८७ हाच धरतात. श्रेयाबद्दल मात्र मतभेद आहेत. बहुतेक लेखक ते बंदुका करणाऱ्या स्टीव्हन्स कंपनीला देतात, तर काही युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीला. बंदूक करणारा कारखाना आणि काडतूस करणारा कारखाना वेगळे असणे त्या काळी नवलाचे नव्हते, हे लक्षात घेता दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. रचनेबाबत वाद कमी आहे : आधीच्या .२२ लाँग काडतुसाचे आवरण आणि ४० ग्रेनची (सु. २.६ ग्रॅ.) जड गोळी यांचा तो मेळ होय.

काळ्या दारूच्या काजळीने यंत्रणा अडत असल्याने विंचेस्टरने १९०३ च्या अर्धस्वयंचलित मॉडेलला धूरविरहित दारूचे स्वतंत्र काडतूस दिले. पुढे मार्लिन मॉडेल ६० (१९६०) आणि रूगर १०/२२ (१९६४) यांनी हा प्रकार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला.

या दोन्ही रायफलींत बोल्ट (कोठी मागून बंद करणारा सरकता ठोकळा) कुठेही अडकवलेला नसतो. त्याचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच तो दाब थोपवतो. म्हणून स्प्रिंग ताठ केली की सौम्य काडतुसांवर बोल्ट पुरता मागे जात नाही. रूगरची नळी इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या ठोकळ्याने व दोन स्क्रूंनी धरलेली असते, त्यामुळे षट्कोनी चावीने ती टेबलावर बदलता येते, ०.९२० इंच व्यासाच्या जाड नळीसाठी दस्त्याची खाच मात्र रुंदावावी लागते. मार्लिनची नळी दाबून, पिन मारून बसवलेली असल्याने तेथे फेरबदल चाप, स्प्रिंग आणि नेमसाधनांपुरतेच राहतात.

अचूकतेच्या दृष्टीने कोठीचे माप कळीचे आहे. स्पर्धेच्या बोल्ट-ॲक्शन (बोल्ट हाताने मागेपुढे करण्याच्या) रायफलीत कोठी इतकी घट्ट असते की गोळी आट्यांत (नळीच्या आतल्या सर्पिल चरांत) रुतून बसते. अर्धस्वयंचलित रायफलीत काडतूस सहज आत-बाहेर व्हावे लागते. ‘बेंट्झ’ नावाची कोठी या दोहोंमधली तडजोड होय. बोल्टमागची पोलादी पिन काढून प्लास्टिकची बसवल्याने नेम सुधारतो, असा दावा वारंवार आढळतो. तो फारसा पटत नाही, कारण बोल्ट मागे आदळेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. खडखडाट मात्र खरोखर कमी होतो.

वेगवान काडतुसांची गोळी वाटेत ध्वनिवेगाखाली (सु. ३४० मी./से.) येताना डळमळते. म्हणून लांबच्या नेमासाठी आरंभापासूनच त्याखाली राहणारी काडतुसे बहुधा पसंत करतात. भाग बदलण्यापूर्वी काडतुसे बदलून पाहणे स्वस्त पडते.

चाप हलका करताना अडणीच्या (चाप ओढेपर्यंत आघाताची यंत्रणा अडवून धरणाऱ्या तुकड्याच्या) कडा अति घासल्यास बोल्ट आदळताच गोळी सुटू शकते किंवा एका ओढीत दोन गोळ्या जाऊ शकतात. हे धोक्याचे तर आहेच, कायद्यातही अडकवणारे आहे. दस्ता, गालपट्टी, दुर्बीण हे बदल नेमबाजाच्या अंगकाठीनुसार होतात. अमेरिकी संघराज्य कायद्यानुसार रायफलीची नळी १६ इंचांहून आणि एकूण लांबी २६ इंचांहून कमी करण्यास पूर्वनोंदणी व मंजुरी लागते. अन्य देशांतील नियम भिन्न आहेत.