बाल्टिकच्या बर्फातलं गोव्याचं जहाज

फेब्रुवारीत फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधलं बोथनियाचं आखात गोठतं. आइसब्रेकर पुढे जाऊन वाट फोडतो, पण ती वाट म्हणजे मोकळं पाणी नव्हे. फुटलेल्या बर्फाच्या ढेकळांची दाट खिचडी तिच्यात तरंगत असते. लाकूड, कागदाचा लगदा किंवा पोलाद भरलेली जहाजं त्या खिचडीतून कुरकुरत पुढे सरकतात. त्यांतल्या काहींचं बांधकाम झालंय झुआरीच्या काठी, गोव्यात, जिथे पाण्यावर बर्फाचा पापुद्राही कधी धरत नाही.

फिनलंडच्या ईएसएल शिपिंगच्या स्वीडनमधल्या उपकंपनीने २०२१मध्ये चौगुले कंपनीच्या गोव्यातल्या यार्डाकडे अशा जहाजांची मागणी नोंदवली. आधी सहा, मग ती संख्या बारावर गेली. प्रत्येकाची भारक्षमता सुमारे ५,३५० टन, लांबी जेमतेम ९० मीटर, पोटात बॅटरी आणि बंदरातली वीज घेण्याची सोय. पहिलं जहाज ‘इलेक्ट्रामार’ २०२४मध्ये कामाला लागलं. माल तेवढाच धरला, तर आजवरच्या जहाजांच्या तुलनेत उत्सर्जन जवळपास निम्म्यावर येईल, असं कंपनी सांगते. निम्मं ही लहान गोष्ट नाही. ते कसं साधतं, हे समजून घेताना मला जहाज या वस्तूकडे नव्याने बघावं लागलं.

जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हजारो कंटेनर लादलेलं, शांघायहून रॉटरडॅमला निघालेलं धूड येतं. ते एकदा वेगात आलं की आठवडाभर एकाच लयीत चालतं. युरोपातली किनारी वाहतूक अगदी वेगळी. युरोपीय संघातल्या सागरी मालापैकी वजनाने सुमारे साठ टक्के माल जवळच्या जवळच जातो: एका देशाच्या बंदरातून शेजारच्या देशाच्या बंदरात, कधी नदीतून वर, कधी कालव्याच्या लॉकगेटमधून. आपल्याकडे मंगळुरी कौलं आणि मीठ घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी गलबतं जे काम करायची, तेच हे. या जहाजांना तिथे कोस्टर म्हणतात. दोन-तीन दिवसांचा प्रवास, मग बंदर, मग पुन्हा प्रवास. आयुष्याचा मोठा हिस्सा धक्क्याला लागून किंवा नांगर टाकून जातो. म्हणजे महामार्गावरचा ट्रक आणि गावागावात थांबणारी एसटी यांच्यात जो फरक, तो इथेही आहे. एसटीचं डिझेल कुठे जातं हे समजायचं असेल, तर थांब्यांकडे बघावं लागतं.

आता एका थांब्याकडे जवळून बघू. बहुतेक कोस्टरना एकच मोठं डिझेल इंजिन असतं आणि त्याच्या शाफ्टवर एकच प्रोपेलर. या प्रोपेलरची पाती जागच्या जागी वळवून त्यांचा कोन बदलता येतो. पाती तिरकी केली की पाणी मागे फेकलं जातं, उलट तिरकी केली की जहाज मागे येतं, आणि पार सपाट केली की जोर शून्य. इंजिनाचे फेरे मात्र कायम एकसारखे ठेवतात, कारण त्याच शाफ्टवर जनित्र बसवलेलं असतं आणि विजेची वारंवारता बिघडून चालत नाही. परिणामी कप्तान धक्क्याजवळ जहाज जागेवर धरून ठेवतो तेव्हाही सपाट पात्यांचा प्रोपेलर पूर्ण वेगाने घुसळत राहतो. जहाज हलत नाही, तरी ताक घुसळल्यासारखं पाणी घुसळलं जातं आणि डिझेल जळत राहतं. नव्या जहाजांत शाफ्टचं जनित्र आणि दिव्यांचा वीजपुरवठा यांच्यामध्ये एक इलेक्ट्रॉनिक परिवर्तक बसवतात. मग इंजिन हळू फिरलं तरी चालतं, वीज हवी त्याच वारंवारतेने बाहेर येते. वर्षानुवर्षं चाललेली उधळपट्टी एका कपाटाएवढ्या यंत्राने आटोक्यात येते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. बंदरात वळताना नाळेजवळचा, म्हणजे पुढच्या टोकाजवळचा बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं तोंड आडवं ढकलणारा छोटा प्रोपेलर, अचानक भरपूर वीज ओढतो. ऐन वेळी एक जनित्र बंद पडलं तर काय, या भीतीने दुसरंही चालू ठेवतात. दोन्ही जनित्रं अर्ध्याहून कमी भारावर रडतखडत चालतात. दोनशे माणसांच्या पातेल्यात दोन कप चहा ठेवावा तसं हे आहे. कमी भारावर डिझेल इंजिन प्रत्येक युनिटमागे जास्त इंधन खातं आणि काजळीही जास्त सोडतं. बॅटरी इथे कामाला येते. ती क्षणात वीज देऊ शकते, म्हणून राखीव जनित्र चालू ठेवावं लागत नाही. लाटांमुळे प्रोपेलरवरचा भार वरखाली होतो, तो चढउतारही ती स्वतःवर झेलते आणि इंजिन आपल्या सोयीच्या भारावर स्थिर राहतं. बंदरात शिरताना-निघताना काही वेळ तर इंजिनाचा धूर न काढता फक्त बॅटरीवर चालता येतं.

मग अख्खा प्रवासच बॅटरीवर का नाही? साधा हिशेब करून बघू. एक टन सागरी डिझेलमध्ये जवळपास १२ मेगावॅट-तास ऊर्जा असते. इंजिनाची कार्यक्षमता धरली तर त्यातली सुमारे ५ मेगावॅट-तास शाफ्टपर्यंत पोचते. जहाजावरच्या बॅटरीचं वजन, तिचे सांगाडे आणि थंड ठेवायची व्यवस्था धरून, एका किलोवॅट-तासाला दहा किलो मानू. म्हणजे एक टन डिझेलच्या जागी ५० टन बॅटरी. एखादा कोस्टर दिवसाला ५ टन जाळत असेल आणि प्रवास तीन दिवसांचा असेल, तर ७५० टनांची बॅटरी लागेल. पाच हजार टन माल नेणाऱ्या जहाजाला हे परवडणारं नाही. नॉर्वेचं ‘यारा बिर्कलंड’ हे जहाज पूर्ण विजेवर चालतं, पण त्याचा मार्ग फार छोटा आहे: कारखान्याच्या धक्क्यापासून जवळच्या ब्रेविक बंदरापर्यंत खतांचे कंटेनर पोचवणं. अंतर वाढलं की डिझेल आणि बॅटरी यांनी कामं वाटून घेणं, हेच आज शहाणपणाचं वाटतं.

बर्फ या सगळ्याला एक पेच टाकतो. फिनलंड-स्वीडनच्या नियमांनुसार १ए दर्जाच्या जहाजाला एक मीटर जाडीच्या त्या बर्फखिचडीतून ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल वेगाने जाता आलं पाहिजे. गोव्यात बांधलेली ही जहाजं याच दर्जाची आहेत. पाण्याच्या रेषेजवळ त्यांचे पत्रे जाड असतात, आतल्या फासळ्या जवळजवळ असतात, आणि इंजिनही त्या एका कठीण प्रसंगाला पुरेल असं निवडावं लागतं. उन्हाळ्यात मोकळ्या पाण्यात मात्र त्याच इंजिनाचा थोडाच जोर लागतो. हिवाळ्याचं ओझं उन्हाळ्यात वाहताना इंधन वाया जाऊ नये, यासाठीच एवढा खटाटोप करायचा.

आता पाण्याखालचा भाग. जहाजाला पुढे ढकलायचं तर पाणी मागे फेकायला हवं. थोडं पाणी जोरात फेकलं काय किंवा भरपूर पाणी सावकाश फेकलं काय, रेटा सारखाच मिळू शकतो. ऊर्जा मात्र पाण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून भरपूर पाणी सावकाश फेकणं केव्हाही स्वस्त. मोठा, हळू फिरणारा प्रोपेलर त्यासाठीच हवा असतो. अडचण अशी की नद्या-कालव्यांत जाणाऱ्या जहाजाचा तळ उथळ ठेवावा लागतो, आणि प्रोपेलर तळापेक्षा खाली उतरू शकत नाही. उडुपीजवळच्या मालपेला कोचीन शिपयार्डच्या उपकंपनीत नॉर्वेच्या विल्सन कंपनीसाठी ३,८०० टनांची डिझेल-इलेक्ट्रिक कोस्टर जहाजं बांधली जातात. त्यांचा आराखडा नेदरलंड्सच्या कोनोशिपचा आहे. पाण्यात बुडणारा त्यांचा भाग सव्वाचार मीटरच्या आसपास. एवढ्या उथळ पाण्यात जमेल तेवढा मोठा प्रोपेलर बसवायचा, तर मागच्या भागाला नीट आकार द्यावा लागतो. ही खरी कारागिरी.

पुढची नाळही बदलते आहे. पूर्वी पाण्याखाली फुगीर नाक काढायची पद्धत होती. ते ठराविक वेगाला आणि ठराविक भाराला लाटांचा अडथळा कमी करतं. पण कोस्टर कधी गच्च भरलेला, कधी निम्मा रिकामा असतो. म्हणून अनेक नव्या जहाजांची नाळ सरळ उभी, धारदार असते. लांबीची मर्यादा न ओलांडता पाण्याच्या रेषेवरची लांबी त्यामुळे वाढते, आणि समोरच्या लाटा आपटण्याऐवजी कापल्या जातात.

या सगळ्यापेक्षा मोठी बचत मात्र वेगात आहे. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाने वाढते. ६०० सागरी मैल १२ नॉटने गेलं तर ५० तास लागतात, १० नॉटने ६० तास. दहा तास जास्त, पण इंधन जवळपास ३० टक्के कमी. घाईघाईने पोचून बंदराबाहेर धक्का रिकामा होण्याची वाट बघत नांगर टाकणं ही या धंद्याची जुनी सवय आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. धक्का किती वाजता मिळेल हे बंदराने आधी नेमकं कळवलं, क्रेनने माल झटपट उतरवला, तर तेवढे तास समुद्रात हळू चालायला मिळतात. त्यासाठी जहाजावर एक खिळाही नव्याने ठोकावा लागत नाही.

आणि वारा परत येतोय. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत एका बाजूला सरकतो, त्याच तत्त्वावर फिरणारा उभा नळकांडा वाऱ्यात आडवा जोर निर्माण करतो. जर्मन अभियंता अँटोन फ्लेटनर यांनी १९२४मध्ये ‘बुकाऊ’ जहाजावर असे दोन रोटर बसवले. १९२६मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलं. खनिज तेल स्वस्त होतं, त्यामुळे कल्पना बाजूला पडली. २०२१मध्ये ‘अन्निका ब्रारेन’ या जेमतेम पाच हजार टनी कोस्टरच्या नाळेवर १८ मीटर उंचीचा रोटर उभा राहिला. नाळेवरच का, तर मधल्या भागात हॅचची, म्हणजे मालखान्याच्या तोंडांची झाकणं उघडायची असतात आणि क्रेनचा हात तिथेच फिरतो.

कायद्याकडे बघितलं तर मन खट्टू होतं. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात २०१५पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.१० टक्के आहे आणि ती सर्वांना लागू आहे. कार्बनची किंमत वसूल करणारी युरोपीय व्यवस्था मात्र २०२४मध्ये सुरू झाली ती ५,००० ग्रॉस टनांवरच्या जहाजांसाठी (ग्रॉस टन हे जहाजाच्या आतल्या जागेचं माप, मालाचं वजन नव्हे). बहुतेक कोस्टर त्याहून लहान. या जगात मर्यादेच्या जरा खाली राहणं हे तंत्रच आहे. २,९९९ ग्रॉस टनांची कितीतरी जहाजं सापडतात, कारण ३,०००च्या पुढे कप्तानाच्या पात्रतेचे नियम बदलतात. म्हणजे ज्यांचा ताफा जुना आहे, त्या छोट्या जहाजांवरच कार्बनचा दट्ट्या नाही. माझ्या मते ही मर्यादा खाली आणायला हवी. नाहीतर ज्याने गोव्याला किंवा मालपेला महागडं जहाज बांधायला टाकलं, त्याला तीस वर्षं जुन्या, पैसे कधीच फिटलेल्या जहाजाशी भाड्याच्या दरात झुंजावं लागतं.

कोस्टर पंचवीस-तीस वर्षं सहज चालतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०५०च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलंय, आणि तेव्हा झुआरीतून बाहेर पडलेले हे सांगाडे बोथनियाच्या आखातात बर्फ फोडत असतील. त्यांच्या डिझेल इंजिनात वनस्पतिजन्य टाकाऊ तेलापासून बनवलेलं नवं डिझेल आजही घालता येतं. ते महाग आहे आणि मिळतं थोडंच, म्हणून जहाजाला मुळात कमी लागणं महत्त्वाचं.