रक्त परत आल्यावर पेशी का मरतात, आणि कॅल्शियमच्या दाराचा घोळ

हार्ट अटॅकमध्ये हृदयाची बंद धमनी लवकर उघडायची हे आता सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. प्रश्न त्यानंतरचा, रक्त परत सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत आणखी पेशी जातात त्या का.

कॅल्शियमवर संशय जुनाच. 1960 च्या दशकातच दिसलं होतं की उंदराचं हृदय थोडा वेळ कॅल्शियमशिवाय ठेवून मग परत कॅल्शियम दिलं की ते आखडून निकामी होतं. पुढे साखळी जुळत गेली: रक्त नसताना पेशीत आम्ल साचतं, ते बाहेर काढताना सोडियम आत येतं, आणि एरवी सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर काढणारं प्रोटीन, एक्स्चेंजर, उलटं फिरून कॅल्शियम आत ओततं. ऊर्जा परत आली की सर्का पंप ते आतल्या कोठारात भरतो, कोठार ओसंडतं, रायनोडीन रिसेप्टर या कोठाराच्या झडपेतून गळतं, परत भरतं. साखळीची पहिली कडी बंद करणारं कॅरिपोराइड हे औषध 11 हजारांहून जास्त पेशंट्सवर वापरून पाहिलं, 2000 मध्ये निकाल आला, एकूणात फायदा नाही.

खरा घोळ मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांच्या, दारात. तिथून कॅल्शियम आत जातं हे अर्धं शतक माहीत होतं, पण दाराचं प्रोटीन, एमसीयू, 2011 मध्ये सापडलं. सगळ्यांना वाटलं जादा कॅल्शियम इथे शिरूनच पेशी मरतात, म्हणजे हे काढलं की हृदय वाचणार. 2013 मध्ये जन्मापासून एमसीयू नसलेले उंदीर आले, मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम घेईनात, आणि तरी हृदयाचं नुकसान तेवढंच! बऱ्याच जणांनी तिथेच फाइल बंद केली, जी माझ्या मते घाई होती, कारण शुद्ध जातीत अशी पिल्लं जन्मापर्यंत टिकतच नाहीत, मिश्र जातीतली टिकली, म्हणजे जी टिकली त्यांनी गर्भातच काहीतरी दुसरी सोय करून घेतली असणार. 2015 मध्ये मोठ्या झालेल्या उंदरांत फक्त हृदयातून एमसीयू काढलं तेव्हा नुकसान स्पष्ट कमी झालं. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून "वाद आहे" असं लिहायची पद्धत आहे, पण पेशंट गर्भात नसतो, त्यामुळे दुसरा प्रयोगच आपल्या जास्त कामाचा.

फक्त एक अडचण त्याच प्रयोगात निघाली, ॲड्रेनालिनसारखं औषध देऊन हृदयाला एकदम जोर लावायला सांगितलं की या उंदरांना तो जोर लावता येईना.