चिठ्ठीत लिहिलेलं तेच खरं कारण?

'आत्महत्येचं खरं कारण चिठ्ठीत असतंच' हा मेसेज आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय.

मुळात बहुतेक जण चिठ्ठी लिहीतच नाहीत. लिहिली तरी शब्द बरेचदा समाजाचेच असतात. 'कुणाला जबाबदार धरू नये' यात घरच्यांमागे चौकशीचा ससेमिरा लागू नये ही धडपड दिसते. 'नशिबात हेच होतं' यात कर्माची जुनी समजूत. पडताळायचंय? आमच्या रामबाग वस्तीत संध्याकाळी ओट्यावर बसा. धडधाकट आजोबाही 'नशीब आपलं!' म्हणतातच. म्हणून अभ्यासक चिठ्ठीवर थांबत नाहीत. घरचे, मित्र, डॉक्टर यांच्याशी बोलून आधीचे महिने जुळवतात. कारणं सहसा अनेक, एकात एक गुंतलेली निघतात.

कुणी 'आता सुटका हवी' म्हणालं, तर 'आत्महत्येचा विचार येतोय का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.