किशोरवयीन उद्योजकता

साधारणतः तेरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींनी स्वतःच्या कल्पनेवर, स्वतः पत्करलेल्या जोखमीवर आणि स्वतः ठेवलेल्या हिशेबावर एखादा व्यवसाय उभा करणे म्हणजे किशोरवयीन उद्योजकता. त्यांनी तसे करावे म्हणून घर, शाळा, शासन व स्वयंसेवी संस्था जे प्रोत्साहन देतात, त्याचाही समावेश या संज्ञेत केला जातो. घरच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा मुलगा किंवा सुट्टीत मजुरीवर जाणारी मुलगी यांचे काम कष्टाचे असले, तरी ते या संज्ञेत बसत नाही. कारण काय विकायचे, कितीला विकायचे आणि माल उरला तर त्याचे काय करायचे, हे तिथे दुसरे कोणीतरी ठरवत असते. निर्णय कोणाचा आणि तोटा कोणाच्या पदरी, हे दोन प्रश्न विचारले की उद्योजकता आणि नुसती कमाई यांतला फरक स्पष्ट होतो.

औद्योगिक क्रांतीपूर्वी या वयाची मुले व्यवसायाबाहेर नव्हतीच. कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करणारा मुलगा हत्यार धरण्याबरोबरच गिऱ्हाइकाशी बोलणे, उधारी वसूल करणे आणि माल पारखणे हेही शिकत असे. सार्वत्रिक शालेय शिक्षणाने मुलांना कामाच्या ओझ्यातून सोडवले, हे मोठेच काम झाले. पण त्याबरोबर व्यवहार जवळून पाहण्याची संधीही गेली. विसाव्या शतकात सुरू झालेले उद्योजकता शिक्षण हा एका अर्थाने ती पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न आहे. १९१९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड येथे होरेस मोझेस, थिओडोर व्हेल आणि मरे क्रेन यांच्या पुढाकाराने ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था स्थापन झाली. शाळा सुटल्यावर मुलांनी एकत्र येऊन एखादी वस्तू तयार करायची आणि विकायची, असे तिच्या सुरुवातीच्या मंडळांचे स्वरूप होते. त्यातूनच ‘विद्यार्थी कंपनी’ ही पद्धत रुजली. ब्रिटनमध्ये १९६२ मध्ये वॉल्टर सालोमन या बँकव्यावसायिकाने यंग एंटरप्राइज ही संस्था त्याच धर्तीवर सुरू केली.

न्यूयॉर्कमधील स्टीव्ह मॅरिओटी यांचा मार्ग वेगळा होता. काही किशोरवयीन मुलांनी रस्त्यात लुटल्यानंतर व्यवसाय करणारा हा माणूस शिक्षक झाला आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवू लागला. वर्ग काही केल्या ऐकत नसताना त्यांनी एकदा आपल्या हातातले घड्याळ वर्गालाच विकायला काढले, आणि दंगा थांबून मुले लक्ष देऊ लागली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९८७ मध्ये त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी काम करते. पुढे शासनेही या क्षेत्रात उतरली. युरोपीय संघाने २००६ मध्ये आजीवन शिक्षणासाठीच्या आठ मूलभूत क्षमतांत उद्योजकतेचा समावेश केला, आणि २०१६ मध्ये तिची तीन गटांत विभागलेल्या पंधरा क्षमतांची चौकट प्रसिद्ध झाली. भारतात २०१६ मध्ये नवकल्पना व उद्योजकतेला चालना देणारे केंद्र शासनाचे अटल नवोन्मेष अभियान सुरू झाले. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०१९ पासून नववी ते बारावीसाठी स्वतंत्र उद्योजकता अभ्यासक्रम आला, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या गटांना पुढे बीजभांडवलही देण्यात आले.

प्रोत्साहन म्हणजे नेमके काय, याचे उत्तर अभ्यासक्रमांपेक्षा काही जुन्या उदाहरणांत अधिक नेमके सापडते. चेस्टर ग्रीनवुड या अमेरिकन मुलाने १८७३ मध्ये, पंधराव्या वर्षी, थंडीत कान झाकण्यासाठी तारेची कडी वाकवली आणि तिच्या दोन्ही टोकांना केसाळ कातडे शिवून द्यायला आजीला सांगितले. आजीने ते शिवून दिले. १८७७ मध्ये त्याला या वस्तूचे पेटंट मिळाले व पुढे त्याचा कारखाना उभा राहिला. स्वीडनमधील इंग्वार कांप्राड लहानपणी काड्यापेट्या घाऊक भावात आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना किरकोळीने विकत असे. १९४३ मध्ये, सतराव्या वर्षी, वडिलांकडून मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातून त्याने आयकिया ही कंपनी काढली. फ्रेड डेलुका या सतरा वर्षांच्या मुलाला १९६५ मध्ये कॉलेजच्या खर्चासाठी पैसे हवे होते. पीटर बक या कौटुंबिक स्नेह्याने त्याला १,००० डॉलर देऊन सँडविचचे दुकान काढायला सुचवले आणि स्वतः भागीदार झाला. सबवे ही साखळी त्यातून वाढली. तिन्ही ठिकाणी मोठ्यांनी दिलेली मदत मोजकी आहे. आजीने टाके घातले, वडिलांनी बक्षीस दिले, स्नेह्याने भांडवल पुरवले. धंदा मात्र मुलानेच चालवला. अशा यशकथांची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. त्याच वयात तशीच खटपट करून हात पोळून घेतलेल्या असंख्य मुलांची नावे कोणी नोंदवून ठेवलेली नाहीत, त्यामुळे किशोरवयात धंदा काढल्याने यश मिळते असा निष्कर्ष या उदाहरणांवरून काढता येत नाही.

विद्यार्थी कंपनीची रचना जगभर साधारण सारखी आहे. दहा-पंधरा विद्यार्थी एकत्र येतात, आपसांत पदे वाटून घेतात, लहान रकमेचे भाग (शेअर) विकून भांडवल उभे करतात, वस्तू किंवा सेवा निवडतात, विक्री करतात, हिशेब ठेवतात आणि शैक्षणिक वर्ष संपताना भागधारकांना भांडवल व उरलाच तर लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, देऊन कंपनी विसर्जित करतात. या सगळ्यात शिकण्याचा खरा क्षण बहुधा हिशेबाच्या वहीवर येतो. समजा, सहा मुलांनी पन्नास हातबांधणीच्या वह्या तयार केल्या. एका वहीला कागद, पुठ्ठा, दोरा आणि डिंक मिळून ६० एकक (कोणतेही चलन समजा) खर्च आला आणि किंमत १०० एकक ठेवली. विक्रीच्या दिवशी २८ वह्या खपल्या. पेटीत २,८०० एकक रोख पाहून मुले खूश होतात, आणि प्रत्येक वहीमागे चाळीस याप्रमाणे १,१२० एकक नफा झाला असे सांगतात. प्रत्यक्षात पन्नास वह्यांच्या मालावर ३,००० एकक आधीच खर्च झालेले असतात. म्हणजे त्या क्षणी कंपनी २०० एककांनी तोट्यात आहे आणि २२ वह्या खोक्यात पडून आहेत. उरलेल्या वह्या निम्म्या किमतीत काढून टाकल्या, तर आणखी १,१०० एकक येतात आणि ९०० एकक हाती राहतात. मग कोणीतरी विचारते, की आपण प्रत्येकी दहा तास बसून वह्या शिवल्या, त्याचे काय? साठ तासांना ९०० एकक, म्हणजे तासाला १५. हा आकडा मुलांनी स्वतः काढला, तर पडून राहिलेला माल, सवलतीची किंमत आणि स्वतःच्या श्रमाचे मोल या तीन गोष्टी त्यांना पुन्हा समजावून सांगाव्या लागत नाहीत. शिक्षकाने तो आधीच फळ्यावर लिहून दिला, तर तो आणखी एक गणिताचा तास होतो.

म्हणूनच मार्गदर्शकाचे काम अवघड आहे. मुलांनी चुकीचा भाव ठेवला आहे हे दिसत असतानाही त्याला गप्प बसावे लागते. मात्र चूक कितीपर्यंत होऊ द्यायची, याची मर्यादा त्याने आधीच आखलेली असावी लागते. गेल्यास परवडेल तेवढेच पणाला लावायचे, हे सूत्र उद्योजकतेच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीवर केलेल्या संशोधनातही ठळकपणे मांडले आहे. किशोरवयीनांच्या बाबतीत व्यवहारात त्याचा अर्थ सरळ आहे. कर्ज काढायचे नाही, नातेवाइकांना माल गळ्यात मारायचा नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर मोठी मागणी घ्यायची नाही. यांतला दुसरा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. आईवडील व काका-मावश्या यांनी कौतुकापोटी सगळा माल विकत घेतला, की खप झाल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाईक ही चीज काय असते ते मुलांना कळतच नाही.

अशा प्रोत्साहनाचा उपयोग होतो का, यावरचे संशोधन उत्साही मंडळींना वाटते तितके एका सुरात बोलत नाही. नेदरलँड्समधील एका व्यावसायिक महाविद्यालयात हेसल ओस्टरबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थी कंपनी चालवलेल्या तरुणांच्या उद्योजकीय कौशल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, उलट उद्योजक होण्याची इच्छा कमी झालेली दिसली. धंद्यातली यातायात जवळून पाहिल्यावर काहींनी हा आपला पिंड नव्हे असे ठरवले असावे, असे एक स्पष्टीकरण त्यावर देण्यात आले. हे अपयश मानायचे कारण नाही. एकविसाव्या वर्षी कर्ज अंगावर घेऊन जे कळले असते, ते अठराव्या वर्षी स्वस्तात कळले. त्याच देशातील प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात (२०१४) व्यवसायविषयक ज्ञान वाढले नाही, पण जोखीम घेणे, चिकाटी, कल्पकता यांसारखे गुण वाढल्याचे दिसले. स्वीडनमध्ये माध्यमिक शाळेत विद्यार्थी कंपनी चालवलेल्यांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या, २०१५ मधील अभ्यासात मात्र अशा विद्यार्थ्यांनी पुढे व्यवसाय सुरू करण्याची शक्यता आणि व्यवसायातून मिळणारे उत्पन्न, दोन्ही अधिक आढळले. व्यवसाय टिकण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही.

घराचा प्रभाव शाळेपेक्षा खोल असतो. स्वीडनमधील दत्तक मुलांच्या नोंदींवर आधारित अभ्यासात असे आढळले, की पालक उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, आणि त्यात जन्मदात्यांपेक्षा वाढवणाऱ्या पालकांचा वाटा जवळजवळ दुप्पट असतो. धंदा रक्तात असावा लागतो, या सर्रास ऐकू येणाऱ्या समजुतीला त्यामुळे बराच धक्का बसतो. जेवताना येणी-देणी, रुसलेला गिऱ्हाईक आणि वेळेवर न आलेला माल यांच्या गोष्टी कानावर पडणे, हाच यातला मोठा भाग असावा. ज्या मुलांच्या घरी असे बोलणे होत नाही, त्यांच्यासाठी शाळेतल्या प्रयोगाचे महत्त्व त्यामुळेच अधिक ठरते. दुसरीकडे, तरुण वय हेच उद्योजकतेचे वय, ही समजूतही टिकत नाही. अमेरिकेतील नव्या कंपन्यांच्या नोंदींवर पिएर अझुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार संस्थापकांचे सरासरी वय सुमारे ४२ वर्षे होते, आणि सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे ४५.

कायद्याच्या दृष्टीने किशोरवयीन उद्योजकाची स्थिती चमत्कारिक असते. धंदा करण्यास त्याला सहसा थेट मनाई नसते, पण करार करण्याची पूर्ण क्षमताही नसते. भारतात कराराविषयीचा १८७२ चा अधिनियम करार करणारी व्यक्ती सज्ञान असावी असे सांगतो, आणि मोहरीबीबी खटल्यात १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, अज्ञान (कायद्याने अल्पवयीन) व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक ठरवला. मात्र १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार सर्व भागीदारांच्या संमतीने अज्ञान व्यक्तीला भागीदारीच्या लाभांपुरते सामील करून घेता येते. ब्रिटनमध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती कंपनीची संचालक होऊ शकते. जर्मनीच्या नागरी संहितेतील तरतूद अधिक विचारपूर्वक केलेली वाटते : पालकांनी कौटुंबिक न्यायालयाच्या मंजुरीने परवानगी दिली, तर त्या व्यवसायापुरता अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी बहुतेक सर्व व्यवहारांस सक्षम ठरते. अमेरिकेत मुलांच्या सरबताच्या टेबलांनाही परवाना मागितल्यावरून वाद झाले आणि युटा, टेक्सस, कोलोरॅडो या राज्यांनी २०१७ ते २०१९ या काळात मुलांच्या लहानसहान विक्रीस सूट देणारे कायदे केले.

प्रोत्साहन आणि शोषण यांतली रेषाही काही वेळा पुसट होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करारानुसार रोजगाराचे किमान वय सर्वसाधारणपणे १५ वर्षे आहे, आणि बालहक्कांच्या १९८९ च्या करारातील बत्तिसाव्या कलमाने आर्थिक शोषणापासून संरक्षण हा बालकाचा हक्क मानला आहे. ‘हा त्याचाच धंदा आहे’ असे म्हणून घरातल्यांनी मुलाला राबवून घेणे सोपे असते. समाजमाध्यमांवर चित्रफिती टाकून कमाई करणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र झाला. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालील अशा मुलांच्या व्यावसायिक स्वरूपाच्या कमाईचा भाग ते सज्ञान होईपर्यंत सार्वजनिक निधीसंस्थेत ठेवणे बंधनकारक केले.

विद्यार्थी कंपनीचा जो टप्पा सर्वांत कमी चर्चिला जातो, तो विसर्जनाचा. कल्पनांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना तो नको असतो, कारण त्यात व्यासपीठ नाही आणि टाळ्याही नाहीत. मुलांना मात्र त्या दिवशी उरलेल्या मालाची मोजदाद करावी लागते, येणे बाकी असलेल्यांकडे पुन्हा जावे लागते, आणि ताळेबंद जुळत नसेल तर कोणाच्या हातून नोंद राहिली ते सर्वांसमोर शोधावे लागते. मग भागधारकांची सभा भरते. तोटा झाला असेल, तर ज्यांनी विश्वासाने पैसे दिले त्या शेजाऱ्याला किंवा शिक्षिकेला पंधरा-सोळा वर्षांचा खजिनदार उभा राहून सांगतो, की शंभरापैकी ऐंशीच परत मिळतील, आणि बाकीचे वीस कुठे गेले.