खोगीर पाठीवरचे आणि डोंगरावरचे

दोन शिखरांमधल्या खोलगट भागाला खोगीर म्हणायची पद्धत गिर्यारोहणात चांगलीच रुजली आहे. एव्हरेस्ट आणि ल्होत्से यांच्यामधला साउथ कोल हे असेच एक खोगीर, सुमारे ७,९०० मीटर उंचीवरचे. गालापागोसच्या कोरड्या, सखल बेटांवरच्या कासवांची कवचे पुढच्या बाजूने कमानीसारखी उचललेली असतात. त्यामुळे मान उंच ताणून निवडुंगापर्यंत पोहोचता येते. त्यांनाही खोगीरपाठी हेच नाव पडले.

या नावाच्या प्राण्यांमध्ये सर्वांत मोठी उलथापालथ पाहिली ती न्यूझीलंडच्या टिएके पक्ष्याने. आकार मैनेएवढा, अंग काळे, चोचीच्या मुळाशी नारिंगी-लाल लोंबत्या मांसल पाळ्या आणि पाठीवर तांबूस-तपकिरी पट्टा. तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या कथेत सूर्याशी झुंजून आलेल्या माउई या वीराने पाणी मागितले, टिएकेने नकार दिला आणि माउईच्या तापलेल्या हाताचा डाग त्याच्या पाठीवर कायमचा उमटला. दक्षिण बेटाच्या टिएकेची पिल्ले मात्र वर्षभराहून अधिक काळ तपकिरीच राहतात, पाठीवर खोगीर नसते. म्हणून एकोणिसाव्या शतकात ती वेगळी जात मानली गेली होती.

युरोपीय जहाजांबरोबर उंदीर आणि मांजरे आली. मुख्य भूमीवरचे टिएके संपले. दक्षिणेकडची जात अखेर स्ट्यूअर्ट बेटालगतच्या बिग साउथ केप आणि त्याच्या जवळच्या लहान बेटांपुरती उरली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेही उंदीर पोहोचले. वन्यजीव खात्यातल्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते, पक्षी ताबडतोब हलवा. काही शास्त्रज्ञांचा आक्षेप होता: उंदरांमुळेच ऱ्हास होतो हे सिद्ध झालेले नाही, आधी अभ्यास व्हावा, निसर्ग आपोआप समतोल साधेल. पुरावा मागणे शास्त्राला धरून होते, हे मान्य. पण उंदीर थांबणार नव्हते, आणि वाट पाहण्याची किंमत पक्षी मोजत होते.

१९६४ मध्ये ३६ टिएके पकडून जवळच्या उंदीरमुक्त बेटांवर सोडले गेले. ते तगले आणि वाढले. त्याच मोहिमेत पकडलेले स्ट्यूअर्ट बेटावरचे स्नाइप पक्षी जगले नाहीत. तिथला बुश रेन हा छोटा पक्षी हलवूनही पुढे संपला. मोठ्या आखूडशेपटी वटवाघळाला तर हलवताच आले नाही. आज अस्तित्वात असलेले दक्षिणेकडचे सगळे टिएके त्या ३६ पक्ष्यांचे वंशज आहेत. उत्तरेकडची जातही त्याच वर्षी हेन बेटावरून दुसऱ्या बेटावर नेण्यात आली आणि २००२ मध्ये ती वेलिंग्टनच्या कुंपणबंद अभयारण्यात, म्हणजे मुख्य भूमीवर परतली.