पैसेवारी

(आणेवारी). गावातील हंगामी पिकाचे प्रत्यक्ष उत्पन्न प्रमाण मानलेल्या उत्पन्नाच्या तुलनेत किती आले, हे रुपयातील पैशांच्या हिशेबाने ठरविण्याची महसूल खात्याची पद्धत. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त धरले जाते. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत शासकीय मदतीला होणाऱ्या विलंबाची चर्चा बहुधा या आकड्याभोवतीच फिरते.

पद्धतीचे मूळ पेशवाईतील पीकपाहणी व सूट या चालींत शोधता येते. तथापि आजचे तिचे स्वरूप बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबई इलाख्यात घडले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यावर सुरुवातीची काही दशके पीक पाहून सूट देण्याची रीत चालू होती. १८५० नंतरच्या मोजणी-बंदोबस्ताने तीस वर्षांसाठी सारा (जमीनमहसूल) कायम केला. चांगल्या वर्षाच्या शिलकीतून शेतकरी वाईट वर्ष भागवील, असे त्यामागचे गृहीत होते आणि त्यामुळे दरसालच्या पाहणीचे प्रयोजन उरले नाही. या मोजणीला १८५२ मध्ये सावदा, एरंडोल या भागांत उघड विरोध झाला आणि तो मोडण्यासाठी सैन्य आणावे लागले. १८७६–७८ च्या दुष्काळाने हे गृहीत फोल ठरविले. पुढे १८९६–९७ व १८९९–१९०० (संवत १९५६, म्हणून ‘छपन्नचा दुष्काळ’) या दोन दुष्काळांनंतर सारा तहकुबीचे (वसुली पुढे ढकलण्याचे) नियम पक्के होत गेले : पीक रुपयातील सोळा आण्यांपैकी चार आण्यांच्या आत असल्यास पूर्ण तहकुबी, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान असल्यास निम्मी. गांधीजींच्या १९१८ च्या गुजरातमधील खेडा सत्याग्रहातील वाद चार आण्यांच्या याच मर्यादेवर होता. सोळा आणे म्हणजे सरासरीचे पीक की उत्तम पीक, हा प्रश्नही जुनाच असून सरासरी पीक बारा आणे धरण्याचा प्रघात काही ठिकाणी होता. आधार बदलला की त्याच शेताचा आकडा बदलतो, हे उघड आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर आण्यांचे पैसे झाले.

थोडक्यात, ही पद्धत सरकारने किती वसुली थांबवावी हे ठरविण्यासाठी जन्मली. संकटाची पूर्वसूचना देणे हे तिचे काम कधीच नव्हते, आणि पुढे नेमके तेच काम तिच्याकडून अपेक्षिले गेले. नजर पैसेवारी (पीक पाहून केलेला अंदाज) पावसाळ्याच्या अखेरीस निघते, तर अंतिम पैसेवारी पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे १० मीटर बाय १० मीटरच्या तुकड्यातील उत्पन्नावर, आधारलेली असून ती डिसेंबरात जाहीर होते. तोवर चाऱ्याची व पाण्याची ओढ सुरू झालेली असते. मंडळ अधिकारी, तलाठी, सरपंच व शेतकरी प्रतिनिधी यांच्या ग्राम समितीत आकडा ठरतो. मात्र संपूर्ण गावाला एकच आकडा मिळतो. खानदेशात याचा विशेष जाच होतो, कारण एकाच शिवारात ठिबकवर मे महिन्यात लावलेला बागायती कापूस आणि पावसावर विसंबलेला कोरडवाहू कापूस शेजारी-शेजारी असतात. कपाशीची वेचणीही अनेक फेऱ्यांत होते, त्यामुळे एका कापणीचा प्रयोग तिला नीटसा लागू पडत नाही. तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यातील केळी वादळाने आडवी झाली, तरी तिचा विचार पैसेवारीत नव्हे, तर पंचनाम्यात व हवामानावर आधारित फळपीक विम्यात होतो.

दुष्काळ जाहीर करण्यातील राज्यांच्या दिरंगाईवर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी ताशेरे ओढले. त्यानंतर केंद्राच्या डिसेंबर २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्य, पेरणी, उपग्रहीय वनस्पती निर्देशांक, जमिनीतील ओलावा व जलसाठे हे निकष पुढे आणले आणि प्रत्येक तालुक्यातील १० टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी अनिवार्य केली. महाराष्ट्राने ही चौकट २०१७ मध्ये स्वीकारली. पैसेवारी मात्र आजही जाहीर होत राहते.

ऑक्टोबर २०२३ अखेरच्या दुष्काळाच्या घोषणेत राज्यातील ४० तालुके होते. खानदेशातून नंदुरबार, शिंदखेडा व चाळीसगाव यांचा त्यांत समावेश होता. वगळलेल्या भागांतील रोषानंतर आणखी १,०२१ महसूल मंडळांत (तालुक्याखालील गावांच्या गटांत) ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. सारा सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी व टँकर अशा सवलती यात मिळतात. त्यांतील सारा सुटीचे मोल आता नाममात्र आहे. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत पाऊस तुलनेने अधिक पडतो; तेथील उतारावरच्या वनपट्ट्यांतील भगर, मोर यांसारख्या भरडधान्यांचे नुकसान कापूस-ज्वारी डोळ्यांपुढे ठेवलेल्या या मोजणीत क्वचितच उमटते.