माहितीशास्त्र परिषदांतील सत्र-आयोजन

माहितीची निर्मिती, वर्गीकरण, साठवण, शोध आणि वापर यांचा अभ्यास करणाऱ्या माहितीशास्त्राच्या परिषदांत शोधनिबंध, गटचर्चा आणि भित्तिपत्रे यांची विषयवार विभागणी करून त्यांना वेळ, क्रम व अध्यक्ष नेमून देण्याच्या कामाला सत्र-आयोजन म्हणतात. हे काम सर्वच विद्याशाखांत करावे लागते. परंतु येथे वर्गीकरण हाच अभ्यासविषय असल्यामुळे एखादा निबंध कोणत्या सत्रात बसवावा हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, तो शास्त्राच्या सीमा कोठे आखाव्यात या प्रश्नाशी जाऊन भिडतो.

या दृष्टीने वॉशिंग्टन येथे १६ ते २१ नोव्हेंबर १९५८ या काळात भरलेली आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक माहिती परिषद आजही अभ्यसनीय आहे. अमेरिकेचे नॅशनल सायन्स फाउंडेशन, नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस व तिची संशोधन परिषद आणि अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट यांनी ती भरवली होती. आयोजकांनी विषयाचे सात विभाग पाडले. पहिल्यात शास्त्रज्ञांच्या माहितीविषयक गरजा, दुसऱ्यात सारसेवा व निर्देशनसेवा (लेखांचे सारांश व विषयसूची पुरवणाऱ्या सेवा), तिसऱ्यात संकलनग्रंथ व विशेष माहितीकेंद्रे, तर सातव्यात शासन, विद्यापीठे, व्यावसायिक संस्था व उद्योग यांच्या जबाबदाऱ्या होत्या. मधले तीनही विभाग माहितीच्या साठवणीचे व शोधाचे होते. चौथ्यात प्रचलित पद्धतींची तुलना, पाचव्यात नव्या पद्धतींची आखणी व यंत्रसामग्री आणि सहाव्यात सर्वसाधारण सिद्धान्ताची शक्यता. ही विभागणी काटेकोर होती असे म्हणवत नाही, कारण चौथ्या व पाचव्या विभागांतील सीमारेषा निबंध वाचताना वारंवार पुसट होते. मात्र ‘सर्वसाधारण सिद्धान्त शक्य आहे काय’ या प्रश्नाला स्वतंत्र विभाग देण्याचे धाडस महत्त्वाचे होते. निबंध हाती येण्याची वाट न पाहता प्रश्न आधी ठरवण्याचे हे उदाहरण होय.

परिषदेचा दुसरा विशेष असा की निबंध आगाऊ छापून प्रतिनिधींना देण्यात आले आणि सत्रांतील वेळ वाचनाऐवजी चर्चेसाठी राखून ठेवण्यात आला. ब्रिटनमधील भौतिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल आणि माहितीशास्त्रज्ञ ब्रायन व्हिकरी व सिरिल क्लेव्हरडन यांचे निबंध या परिषदेत होते. आय. बी. एम. या संगणक-कंपनीचे हान्स पीटर लून यांनी पाचव्या विभागातील निबंधांचे यंत्राने तयार केलेले सारांश सादर केले. मजकुरात वारंवार येणारे अर्थवाही शब्द मोजायचे आणि असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने येतात ती वाक्ये जशीच्या तशी उचलायची, अशी त्यांची पद्धत होती. म्हणजे सत्राचा विषय सत्राच्याच सामग्रीवर वापरून दाखवला गेला.

सध्याच्या प्रथेत प्रथम विषयसूचीसह निबंधांसाठी आवाहन प्रसिद्ध होते. आलेल्या निबंधांचे तज्ज्ञांकडून, बहुधा लेखकाचे नाव झाकून, परीक्षण होते आणि मग कार्यक्रम समिती स्वीकृत निबंधांचे तीन-चारांचे गट करते. प्रत्येक निबंधाला साधारणतः पंधरा-वीस मिनिटे मिळतात. खरी कसोटी उरलेल्या निबंधांची असते. कोणत्याच गटात न बसणारे निबंध ‘संकीर्ण’ सत्रात ढकलले की श्रोते पांगतात. त्यापेक्षा एका पद्धतीचे, पण वेगवेगळ्या विषयांवरचे निबंध एकत्र आणणे अधिक फलदायी ठरते. पहिल्याच वक्त्याला आवरता न आल्याने शेवटच्याच्या वाट्याला प्रश्नांविना पाच मिनिटे उरणे, हा आपल्याकडील चर्चासत्रांत सर्रास आढळणारा प्रकार असून त्याचा दोष वक्त्यापेक्षा सत्राध्यक्षाकडे अधिक जातो. भारतीय परिषदांत सत्राचा गोषवारा नोंदवण्यासाठी प्रतिवेदक नेमण्याची चांगली प्रथा आहे.

माहिती-पुनर्प्राप्तीच्या, म्हणजे साठवलेल्या दस्तऐवजांतून हवी ती माहिती शोधून काढण्याच्या, क्षेत्रात याहून वेगळी रचना रुजली आहे. अमेरिकेत १९९२ पासून भरणाऱ्या ‘ट्रेक’ परिषदेत सहभागी गटांना समान दस्तऐवजसंग्रह व समान प्रश्न दिले जातात, त्यांनी आपापल्या प्रणाली त्यांवर चालवायच्या असतात आणि निकालांची तुलना हाच सत्राचा गाभा असतो. भारतीय भाषांसाठी याच धर्तीवर ‘फायर’ हा उपक्रम २००८ मध्ये कोलकाता येथे सुरू झाला. त्याच्या मराठी संग्रहासाठी ‘महाराष्ट्र टाइम्स’ व ‘सकाळ’ या दैनिकांतील बातम्या वापरण्यात आल्या.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे. वर्गीकरण-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास परिषदांपैकी पहिली १९५७ मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथे झाली व तिला भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन उपस्थित होते. दुसरी १९६४ मध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे झाली. तिसरी ६ ते ११ जानेवारी १९७५ या काळात मुंबईत भरली. जागतिक माहितीजाळ्यांसाठी लागणाऱ्या क्रमव्यवस्था, म्हणजे माहिती लावून ठेवण्याच्या वर्गीकरणासारख्या पद्धती, हा तिचा विषय होता. ए. नीलमेघन यांनी संपादित केलेले तिचे इतिवृत्त १९७९ मध्ये बंगळूरहून प्रसिद्ध झाले.